हँडलाची उंची आणि कफनाडी

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. वय चाळिशीच्या आसपास, आहार नियमित, व्यसन नाही. तक्रार मात्र मन्या, अंस आणि करंगळीची. चौकशीअंती कळते की हे गृहस्थ दर रविवारी रोड सायकलवर ८०-१०० किलोमीटर जातात. नाशिकचे डॉ. महाजन बंधू २०१५ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण करून आले, तेव्हा आमच्यासारख्यांनाही हुरूप चढला. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करावयाची, या जिद्दीने आम्हीही सायकल घेतली. विक्रेत्याने आमची उंची पाहिली; हँडलाकडे त्याने पाहिले नाही, आम्हीही नाही.

दोन महिन्यांनी एका सोमवारी रुग्णाची नाडी पाहताना तर्जनी व मध्यमेखाली स्पंदन स्पष्ट लागले, अनामिकेखाली जवळजवळ काहीच नाही. पुढील दोन रुग्णांचीही तीच गत. दोष रुग्णांच्या कफात नसून आमच्या बोटात आहे, हे तेव्हा ध्यानी आले. वैद्याला ही गोष्ट किती अस्वस्थ करते, हे वाचकांस सांगणे नको.

महानारायण तैलाचा अभ्यंग, नाडीस्वेद, योगराज गुग्गुळ असा उपक्रम केला. शनिवारपर्यंत बरे वाटे, रविवारी पुन्हा सुप्ती. निदान परिवर्जन रुग्णांस रोज सांगणाऱ्या आम्ही स्वतःचे निदान मात्र सायकलच्या कुलपात बंद करून ठेवले होते!

अल्नर नाडीसूत्र मणिबंधापाशी, करंगळीच्या बाजूच्या वाटाण्याएवढ्या अस्थीलगत, एका अरुंद मार्गातून तळहातात उतरते. करंगळी व अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना त्याच्याकडे आहे. हँडल फार दूर वा फार खाली असल्यास धडाचा भार तळहातांवर येतो, मनगट मागे वाकते आणि हे सूत्र तासन्‌तास दाबले जाते. सुश्रुताचार्यांनी मणिबंधास रुजाकर मर्मांत गणले, ते उगीच नव्हे. समोरचा रस्ता पाहण्यासाठी मानही सतत मागे ताणलेली राहते. अंस व मन्येची वेदना त्यातूनच येते.

दुरुस्तीत प्रथम सीट. तिची उंची व मागे-पुढे स्थान गुडघ्याच्या हिशेबाने ठरवावे. हँडल दूर वाटते म्हणून सीट पुढे सरकवू नये. हात सुटतो, गुडघा सापडतो. त्यानंतरच हँडल. ब्रेकच्या हुडांवर हात ठेवले असता कोपर किंचित वाकलेले आणि मनगट सरळ हवे. आमचे स्टेम ११० मिलिमीटरचे होते, ते काढून ९० चे बसविले. स्टेमच्या वरचे दोन स्पेसर खाली घेतले. स्पेसर खाली घेतल्याने हँडल वर येते आणि, फोर्कची नळी मागे कललेली असल्याने, थोडे जवळही येते. तेवढ्याने न भागल्यास स्टेम उलटे बसवावे; ६ अंशांच्या ९० मिलिमीटर स्टेमने हँडल सुमारे पावणेदोन सेंटिमीटर उंचावते. आम्हांस त्याची गरज पडली नाही. हुड मात्र फार खाली झुकले होते. टेप सोडून ते वर फिरवावे लागले. एका वेळी एकच बदल करून दोन-तीन फेऱ्या माराव्यात, नाहीतर गुण कशाचा हे कळत नाही. औषधयोजनेतही आपण हेच पाळतो.

स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल केल्याशिवाय वरच्या टोपीचा बोल्ट आवळू नये. टोपीचा बोल्ट केवळ बेअरिंगमधील ढिलाई काढण्यापुरता असतो. हँडल धरून ठेवतात ते बाजूचेच बोल्ट. ते स्टेमवर छापलेल्या मापाने, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क पान्याने आवळावेत. जुन्या सायकलींत स्टेम नळीच्या आत जाते. त्यावरील मर्यादारेषा बाहेर दिसेल इतके ते वर ओढू नये.

सहा आठवड्यांनी अनामिकेस नाडी पूर्ववत लागू लागली. तैल तेच होते.

अशा रुग्णास तपासताना त्याची सायकल दारात आणवावी आणि त्यास तिच्यावर बसवून पाहावे. अंगठा व तर्जनी यांमधील मांस खचलेले दिसले, अथवा कागद चिमटीत धरता येत नसेल, तर हँडल आणि तैल यांवर वेळ न दवडता नर्व्ह कंडक्शन तपासणीसाठी पाठवावे.