कसारा घाट आणि खान्देशची पॅसेंजर

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जळगावहून मुंबईला निघालेल्यांपैकी फार थोडे जण ती वाचतात. वाटेतल्या सगळ्या पाट्या ओळीने वाचत गेलं, तर आपल्या मुलखाची ठेवण बसल्याजागी समजते. तापीच्या खोऱ्यातलं जळगाव दोनशे मीटरच्या जरा वर आहे आणि गिरणाकाठ धरून आलेलं चाळीसगाव साडेतीनशेच्या आसपास. पुढे नांदगावची चढण संपवून गाडी मनमाडला पोचते, तेव्हा ती पावणेसहाशे मीटरच्या वर आलेली असते. मनमाड ते इगतपुरी सव्वाशे किलोमीटर गाडी पठारावरूनच धावते, उंचीत मोठा फरक पडत नाही. इगतपुरी सोडली की मात्र जमीन संपते. पंधरा किलोमीटरांत गाडी जवळजवळ तीनशे मीटर खाली उतरते आणि कसाऱ्याला कोकणात येते.

खान्देशातल्या मुख्य मार्गावर एकही बोगदा नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडच्या पोरांना बोगदा म्हणजे काय ते माहीत आहे ते या कसारा घाटामुळे. कागदोपत्री तो थळ घाट. डब्यात काळोख झाला की पोरं जिवाच्या आकांताने ओरडत, उजेड आला की गप्प होत आणि पुढच्या बोगद्याची वाट बघत. खिडकीजवळची जागा कोणत्या बाजूला घ्यायची याचं शास्त्र प्रत्येक घरात वेगळं होतं.

हा घाट बांधला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जुन्या जीआयपीने. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही चढांची आखणी त्याच्या देखरेखीखाली झाली आणि दोन्हींतून गाडी धावण्याआधीच, 1862 मध्ये, तो वारला. थळ घाटाची लांबी नऊ मैलांहून थोडी जास्त आणि एकूण चढ 972 फूट. मूळच्या मार्गावर 13 बोगदे आणि सहा मोठे दरीपूल होते. त्यांतला एहेगावचा पूल दरीच्या तळापासून 182 फूट उंच. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे काळाकभिन्न बेसाल्ट. डायनामाइटचा शोध 1867 मधला, म्हणजे इथले बोगदे सुरुंगाच्या काळ्या दारूने आणि छिन्नी-पहारीने फोडलेले आहेत. साहेबांची नावं ग्रंथांत सापडतात. दोरांना लटकून कड्यात भोकं पाडणाऱ्या मजुरांची सापडत नाहीत, आणि हा घाट मुळात त्यांचा आहे असं मला वाटतं.

या बांधकामातली एक गोष्ट खान्देशाने विसरू नये. रुळांचं काम घाटाच्या दोन्ही अंगांनी एकाच वेळी चाललं होतं. 1861 साली खालून गाडी कसाऱ्यापर्यंत आली. त्याच वर्षी वर इगतपुरीपासून नाशिक आणि पुढे चाळीसगावपर्यंतचा मार्गही सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी दारात येऊन उभी, पण इगतपुरीला माल उतरवायचा, बैलगाड्यांत भरून घाट उतरवायचा आणि कसाऱ्याला पुन्हा वाघिणीत चढवायचा. हे चार वर्षं चाललं. 1 जानेवारी 1865 रोजी घाट रेल्वेला खुला झाला. त्याच वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला.

घाटाचा सर्वांत कठीण चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावरच्या मोटारीला एवढा चढ किरकोळ. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला तो फार भारी पडतो, कारण रुळावर पकड कमी असते. म्हणून कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागे जास्तीची इंजिनं लागतात. यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात, आणि पुढचा-मागचा लोको पायलट एकमेकांना दिसत नसताना दोघांचा जोर जुळवावा लागतो. पूर्वी हे शिट्ट्यांच्या खुणांवर चाले, आता वॉकीटॉकी आहे. इगतपुरीला बँकर सुटतात आणि दुसऱ्या गाडीसाठी परत खाली येतात.

उतरणं हे चढण्यापेक्षा जोखमीचं काम आहे. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी इगतपुरी सोडत नाही, आणि उतरताना वेगाची मर्यादा काटेकोर पाळतात. ताबा सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग असते, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा आंधळा फाटा. पावसाळ्यात तर सगळा घाट माणसांच्या डोळ्यांवर चालतो. रात्री धो-धो पावसात बत्ती घेऊन रुळांवरून चालणारा गस्तीचा ट्रॅकमन दरड पाहतो, पाण्याचा लोंढा पाहतो आणि त्याने निरोप दिला की शेकडो माणसांची गाडी जागेवर थांबते. वरच्या डब्यातून आपण धबधब्याचे फोटो काढतो, तेव्हा तो खाली भिंतीला टेकून आपल्याला वाट देत असतो.

सुरुवातीला या घाटात रिव्हर्सिंग स्टेशनही होतं. वळण घ्यायला जागा नसल्याने गाडी एका टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. पुढे नवे बोगदे काढून ते टाळलं. 1930 मध्ये कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली, 1500 व्होल्ट डीसी. भुसावळकडून 1960 च्या दशकाच्या अखेरीस आलेली वीज मात्र 25,000 व्होल्ट एसी. दोन विजांची गाठ इगतपुरीला पडत असल्याने बहुतेक गाड्यांचं इंजिन तिथे बदलत असे. त्या लांबलेल्या थांब्याने इगतपुरीचा वडा प्रसिद्ध केला आणि करवंदं-जांभळांचे द्रोण घेऊन येणाऱ्या आदिवासी बायाबापड्यांना चार पैसे मिळवून दिले. घाटातली तार एसी झाली आणि तो थांबा आखडला.

या घाटाशी आमचं खरं नातं जोडलं ते भुसावळ-मुंबई पॅसेंजरने. पाचोरा, कजगाव, चाळीसगाव अशा स्टेशनांवर थांबत ती रात्रभर चाले. 1900 मध्ये सुरू झालेल्या धुळे-चाळीसगाव फाट्यावरून येणारा धुळेकर चाळीसगावला ती पकडू शकत असे. मुंबईत हमाली करणारा, दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेला, नोकरीच्या मुलाखतीला जाणारा, सगळे तिच्यात असत. भाकरी-ठेचा सोडलेला, बाकावर चौथा सरकून घेतलेला, आणि तिकीट परवडणारं.

करोनाकाळात 2020 मध्ये ती बंद झाली. जानेवारी 2022 पासून तिच्या जागी मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी आली, भुसावळ ते इगतपुरी. गाडी चांगली आहे, पण घाटाच्या माथ्यावर ती संपते आणि मुंबईची लोकल घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्याला सुरू होते. मधले पंधरा किलोमीटर गरीब प्रवाशाने एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दाराला लटकून काढायचे, नाहीतर काळी-पिवळी जीप धरायची. म्हणजे 1861 साली घाटाने जी फट ठेवली होती, तीच कमी भाड्याच्या माणसासाठी पुन्हा उघडली आहे.

मनमाड-जळगाव चौथ्या मार्गाला नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याआधी सप्टेंबरमध्ये धुळे, शिरपूरमार्गे जाणारा 309 किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्गही मंजूर झाला. तो सातपुडा ओलांडेल, आणि धुळे जिल्ह्याच्या वेशीवर बोगद्यांची गाडी येईल. या कामांचं स्वागतच आहे. पण पॅसेंजरसाठी नवा डोंगर फोडायची गरज नाही. रूळ आहेत, बोगदे आहेत, कसाऱ्याला बँकर उभे आहेत आणि इंजिन जोडलेली साध्या डब्यांची गाडी 2020 पर्यंत याच घाटातून रोज जात होती. रेल्वेने ती भुसावळ ते मुंबई पूर्ण मार्गावर पुन्हा सुरू करावी, आणि खान्देशातल्या खासदारांनी ही मागणी लावून धरावी.