महाविद्यालयीन कबड्डीतील मध्यंतर व प्रशिक्षकाची भूमिका

प्रस्तावना :
कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीतील खेळ होय. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक घडविले, तर १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यास पदकाचा दर्जा प्राप्त झाला. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) सारख्या लहान गावांतील महाविद्यालयांना कमी खर्चात संघ उभा करता येतो, तो याच खेळात. मात्र आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पूर्वार्धातच पिछाडीवर पडलेला ग्रामीण संघ अनेकदा मनाने हरूनच उत्तरार्धास उतरतो. म्हणूनच मध्यंतराचा विचार आवश्यक ठरतो.

मध्यंतराचे स्वरूप :
पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या व महिलांचा १५ मिनिटांच्या दोन डावांत खेळला जातो. दोहोंच्या मध्ये ५ मिनिटांचे मध्यंतर असते. त्यानंतर संघ बाजू बदलतात आणि पहिल्या डावात ज्या संघाने प्रथम चढाई केली नसेल, तो संघ आता प्रथम चढाई करतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वार्धाच्या अखेरीस मैदानात जितके खेळाडू शिल्लक असतील, तितक्याच खेळाडूंनिशी उत्तरार्ध सुरू होतो. बाद खेळाडू मध्यंतरामुळे जिवंत होत नाहीत. तात्पर्य, उत्तरार्धाची पहिली स्थिती प्रशिक्षकास आधीच ठाऊक असते व तिचे नियोजन शक्य असते.

डावपेचांतील बदल :
संघाचे तीनच खेळाडू उरले असतील, तर लोण चढण्याचा म्हणजेच प्रतिस्पर्ध्यास दोन जादा गुण मिळण्याचा धोका संभवतो. परंतु तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी केलेली यशस्वी पकड एक अतिरिक्त गुणही देते. शिवाय बचावपटू सहापेक्षा कमी असल्यास चढाईपटूस बोनस गुण मिळत नाही. अशा वेळी बोनस रेषेच्या रक्षणासाठी घाई न करता चढाईपटूस आत येऊ देणे हिताचे ठरते. याउलट सातही खेळाडू मैदानात असल्यास बोनस वारंवार कोणत्या कोपऱ्यातून जात आहे, हे पाहून साखळीची रचना बदलावी लागते.

एक उदाहरण :
२०१६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अहमदाबाद येथे झाला. मध्यंतरास भारत इराणविरुद्ध १३-१८ असा मागे होता. उत्तरार्धात भारताने २५ गुण मिळविले व इराणला ११ गुणांवर रोखून ३८-२९ असा विजय संपादन केला. अजय ठाकूर यांच्या चढायांचा त्यात मोठा वाटा होता. पाच गुणांची पिछाडी म्हणजे पराभव नव्हे, हे विद्यार्थी खेळाडूंस यावरून पटवून देता येते.

पाच मिनिटांचा विनियोग :
प्रारंभी खेळाडूंस पाणी व विश्रांती द्यावी आणि दुखापतीची विचारपूस करावी. त्यानंतर चढाईपटू व कोपरारक्षक यांना काय जाणवले, ते ऐकून घ्यावे. कारण प्रतिस्पर्ध्याची लकब मैदानातील खेळाडूसच अधिक उमगते. शेवटी दोन किंवा तीनच सूचना द्याव्यात. दमलेल्या खेळाडूस दहा सूचना दिल्यास एकही स्मरणात राहत नाही. झालेल्या चुकांवरून चारचौघांत बोल लावणे तर सर्वस्वी टाळावे.

समारोप :
मध्यंतर हा केवळ विसावा नसून अध्यापनाचा तास होय. सुसज्ज मैदान किंवा मॅट प्रत्येक महाविद्यालयास लाभेलच असे नाही. परंतु ही पाच मिनिटे प्रत्येक संघास सारखीच लाभतात. त्यांचा सुयोग्य वापर झाल्यास ग्रामीण विद्यार्थी पराभवाच्या छायेतही विचारपूर्वक खेळण्यास शिकेल.