मागे झुकणारी खुर्ची आणि आपली पाठ



कपाशी वेचताना, संत्र्याच्या झाडांना आळी करताना वाकून वाकून पाठ दुखते, हे मोहगावात कोणाला सांगायला नको. पण दिवसभर बसूनही पाठ दुखते. आपली मुलेमुली आता सौंसर, पांढुर्णा, नागपूरकडे कचेरीत संगणकापुढे बसतात. कोणी जुनी फिरती खुर्ची स्वस्तात घरीही आणतो. ती घेण्यापूर्वी तिची रचना समजून घ्यावी.

पाठ टेकून मागे रेलले की अंगाचा काही भार पाठीच्या टेकूवर जातो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब कमी होतो. म्हणून खुर्ची मागे झुकणे ही चैन नव्हे. स्प्रिंगवर झुकणारी अशी एक खुर्ची अमेरिकेच्या थॉमस वॉरन यांनी 1849 च्या सुमारास तयार केली. 1851 च्या लंडन येथील मोठ्या प्रदर्शनात ती मांडली होती.

खुर्ची कोठून झुकते, हे पाहणे महत्त्वाचे. बैलगाडीत ओझे आसाच्या मागे जास्त झाले की पुढे जू वर उचलते. खुर्चीचेही तसेच. झुकण्याचा खिळा बैठकीच्या मधोमध असेल, तर रेलताच पुढची कड वर येते, पावले अधांतरी होतात आणि कड मांडीखाली रुतते. तोच खिळा पुढे, गुडघ्यांजवळ असेल, तर पावले जमिनीवर राहतात. काही खुर्च्यांत पाठ जितकी झुकते, त्याच्या निम्मीच बैठक झुकते. ही रचना अधिक चांगली.

बैठकीखाली एक मूठ असते. ती फिरवली की स्प्रिंग घट्ट वा सैल होते. 50 किलोच्या मुलीला आणि 80 किलोच्या बापाला एकच ताण कसा चालेल? सैल स्प्रिंग माणसाला एकदम मागे टाकते. फार घट्ट असली तर खुर्ची झुकतच नाही. बेताने रेलता यावे आणि अंग सैल सोडताच परत वर यावे, इतका ताण ठेवावा.

खालचे पाय पाच हवेत. पाय 30 सेंटिमीटर लांब असतील, तर चार पायांच्या खुर्चीची तोलाची हद्द मधल्या दांड्यापासून जेमतेम 21 सेंटिमीटरवर संपते. पाच पायांची 24 वर. मागे रेलणाऱ्याला ही 3 सेंटिमीटर सावरतात. जुनी खुर्ची घेताना पायांना तडा आहे का, झुकाव रोखणारा खटका नीट बसतो का, हे तपासावे. उंची कमीजास्त करणाऱ्या नळीत दाबलेला वायू असतो. ती घरी खोलू नये, तापवू नये.

ट्रॅक्टरच्या आसनाखालीही वजनाप्रमाणे स्प्रिंग जुळवण्याची सोय असेल, तर ती जरूर वापरावी. आणि खुर्ची कितीही चांगली असो, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. देह ही देवाने आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. तिची राखण आपणच करायची.

आपला,
फादर