वजा झाले, जमा झाले का?

श्रोतेहो, पगाराच्या चिठ्ठीवर ‘पी. एफ.’ असा एक रकाना असतो. त्यातला आकडा वजा झालेला दिसला की आपण समजतो, पैसे जमा झाले. पण वजा होणे वेगळे आणि जमा होणे वेगळे. या दोहोंमधल्या दिवसांविषयी मला आज बोलायचे आहे.

आधी हिशेब पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये घेणाऱ्या कामगाराचे सर्वसाधारणपणे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालक पदरचे तेवढेच घालतो. त्यातले १,२५० रुपये १९९५ साली सुरू झालेल्या पेन्शन योजनेकडे जातात आणि ५५० कामगाराच्या खात्यात. जून महिन्याची ही सारी रक्कम १५ जुलैपर्यंत भरायची असते. पूर्वी वर पाच दिवसांची सवलत मिळे. २०१६ च्या आरंभी ती बंद झाली.

दोन्ही वाटे एकाच चलनाने भरले जातात, पण त्यांची जात एक नाही. मालकाचा वाटा हे त्याचे देणे आहे. कामगाराचा वाटा मात्र मुळात कामगाराचाच. मालकाच्या हाती तो फक्त ठेवायला दिलेला असतो. आमच्या घरात अशा ठेवीला अमानत म्हणतात. मराठीतली ‘अनामत’ तिचीच बहीण.

कायदाही हाच भेद करतो. कापलेली रक्कम न भरणे हा भारतीय दंड संहितेत विश्वासघाताचा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका खटल्यात हेच स्पष्ट केले. मालकाने स्वतःचा वाटा उशिरा, पण विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला, तर तो खर्च म्हणून वजा मिळू शकतो. कामगाराचा कापलेला वाटा मुदतीनंतर भरला, तर त्या निकालानुसार तेव्हा ती वजावट मिळत नव्हती. कारण तो पैसा मालकाचा नव्हताच.

कोणी म्हणेल, चार दिवस उशीर झाला तर काय बिघडले? धंदा चालू असेतो फारसे जाणवत नाही. पण अडचणीत आलेला कारखाना आधी वीजबिल भरतो, कच्चा माल आणतो आणि हा हप्ता मागे ठेवतो. एकाचे चार महिने होतात. मग एके दिवशी फाटकाला कुलूप लागते आणि कामगाराच्या हाती पगाराच्या चिठ्ठ्या तेवढ्या उरतात.

म्हणून खाते उघडून पाहायची सवय लावा. पासबुक आता ‘उमंग’ ॲपवर मोबाइलमध्येच दिसते. महिना संपून पंधरवडा उलटला की दोन-चार दिवसांनी नोंद तपासा. ती नसेल तर आधी कचेरीत विचारा. उत्तर मिळाले नाही तर भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे तक्रार करा. चिठ्ठ्या जपून ठेवा. एका महिन्याची चूक विचारणे सोपे असते. वर्षाची झाली की तिचे भांडण होते.