सायलेन्सरविरहित मोटार व इंजिनाची हानी : एक विचार

बुलडाणा–मलकापूर मार्गावरील राजूर घाटात सायलेन्सर काढलेली मोटार चढू लागली की तिचा आवाज कितीतरी वळणे आधीच कानी पडतो. अशा मोटारीविषयी दोन मते प्रचलित आहेत. धूर मोकळा सुटल्याने ताकद वाढते, हे एक. ‘मागचा दाब’ गेल्याने व्हॉल्व्ह जळतात, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी केली आहे.

इंजिनाला मागच्या दाबाची गरज असते, ही समजूत मुळातच सदोष आहे. हा दाब म्हणजे जळालेला वायू बाहेर ढकलताना पिस्टनवर पडणारा जादा भार होय. उपयोगी पडतो तो वायूच्या स्पंदांचा वेग. योग्य लांबीच्या नळीतून धावणारा स्पंद आपल्यामागे कमी दाब निर्माण करतो आणि सिलिंडरमधील उरलासुरला वायू ओढून नेतो. नळी भलत्याच ठिकाणी कापली की ही ओढ बिघडते व कमी फेऱ्यांवरील, म्हणजे नेमकी घाटात लागणारी, ताकद घटू शकते.

व्हॉल्व्ह जळण्याचे कारण निराळे आहे. कार्बुरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीत वायुप्रवाह वाढूनही जेट तेच राहिल्यास मिश्रण विरळ होते. पूर्ण भारावर त्यामुळे तापमान चढते आणि त्याची झळ प्रथम निष्कास व्हॉल्व्हला बसते. इंजेक्शनच्या गाडीत उलटा प्रकार घडतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच नळी उघडी पडली तर स्पंदांच्या मधल्या काळात बाहेरची हवा आत शिरते. नियंत्रक संगणक मिश्रण विरळ समजून इंधन वाढवितो, प्लग काजळतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून वंगणतेलात उतरते. सेन्सरच्या बऱ्याच मागे असलेला केवळ शेवटचा डबा काढल्यास मात्र इंजिनाला सहसा इजा होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

खरा धोका इंजिनाबाहेर आहे. गाडीच्या पोटाखाली सुटलेला तप्त वायू तारा व इंधननळ्या भाजतो, आणि गंधहीन कार्बन मोनॉक्साइड प्रवाशांपर्यंत पोहोचतो. खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत, जिनिंगच्या आवारात अशी मोटार नेणे तर आगीलाच निमंत्रण! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार सायलेन्सर बंधनकारक आहे.

रस्त्यातच नळी गळून पडली, तर खिडक्या उघड्या ठेवून, इंजिनावर जोर न देता गाडी जवळच्या मिस्त्रीपर्यंत नेता येते. तेवढ्या अंतरात इंजिन बिघडत नाही.