बाबांना कुणी विचारलंय का?

मैत्रिणींनो, नोकरी करणारी बाई भेटली की आपण हमखास विचारतो, ‘‘घर आणि नोकरी कसं सांभाळता हो?’’ हाच प्रश्न तिच्या नवऱ्याला कधी कुणी विचारलाय?

बचत गटाच्या कामासाठी मी लोणारात घरोघरी फिरते. रोज एसटीने मेहकरला जाणाऱ्या शिक्षिका, नर्स, अंगणवाडी सेविका भेटतात. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पैसे वाचले. पण संध्याकाळची बस चुकली की पोरगं शेजाऱ्यांच्या ओट्यावर, हे काही सुटलं नाही. एक शिक्षिका म्हणाली, ‘‘ताई, शाळेत घर आठवते अन् घरी आलं की वह्या. दोन्हीकडं मीच कमी पडते.’’ तिच्या नवऱ्याला विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, ‘‘मी करतो ना तिले मदत! सकाळचा चहा माझ्याकडंच असते.’’ चहा चांगला करतो, मी प्यायले आहे. पण घर दोघांचं, पोरगी दोघांची, मग ही मदत कशाची?

माणूस वाईट नाही. पोरीला ताप आला म्हणून त्याने रजा मागितली, तर ऑफिसातले म्हणाले, ‘‘काहून, बायको नाही का घरी?’’ गंमत म्हणजे, सरकारी नियमही हेच विचारतो. 2018 मध्ये राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला मात्र ती केव्हा? बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच!

2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची 299 मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आणि हे जे पुरुष करतात, त्यांचंच हं!

रजेचं बोलावं तर तीही सगळ्यांना कुठे? 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली. पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला तो नियम लागत नाही. आमच्या गटातली एक जण दीड महिन्याचं बाळ सासूजवळ ठेवून कापड दुकानात उभी राहिली.

पुढच्या बैठकीला आम्ही नवऱ्यांनाही बोलावलंय. घरातली कोणती कामं कुणाची, हे दोघांनी बसून लिहायचं. सहा जण येतो म्हणालेत. त्यातल्या तिघांनी लगेच विचारलं, ‘‘दोघंही आलो, तर पोरं कोण सांभाळणार?’’