टूल वापरणं वेगळं, टूल देणं वेगळं

ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्ज यांनी 1985 मध्ये नेक्स्ट ही कंपनी काढली. तिच्या संगणकांसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा निवडली. तिचा कंपायलर मुळापासून लिहीत बसण्यापेक्षा रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी घेतला आणि त्यालाच आपला भाग जोडला. जीपीएल या परवान्याखाली जीसीसी सर्वांना खुला होता. अट एवढीच, की तो दुसऱ्याला दिलात तर सोर्स कोडही द्यायचा, केलेल्या बदलांसकट. नेक्स्टला तो द्यायचा नव्हता. मग शक्कल निघाली: आमचा भाग नुसत्या ऑब्जेक्ट फाइलींच्या रूपात देऊ, जीसीसीशी जोडणी ग्राहक आपल्या घरी करेल. म्हणजे जोडलेला कंपायलर आम्ही कुणाला दिलाच नाही! स्टॉलमन यांनाही आधी हे चालेलसं वाटलं. वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला की न्यायाधीश असल्या पळवाटेला भुलणार नाही. दोन तुकडे मिळून खरोखर एकच प्रोग्रॅम होतो का, एवढंच तो बघेल. शेवटी नेक्स्टने सोर्स दिला आणि ऑब्जेक्टिव्ह-सी जीसीसीत आली ती कायमची.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांपुढे आजही हाच पेच असतो, फक्त नावं बदललेली. इन्स्टॉलरमध्ये गिट घालायचं आहे, डीबगर घालायचा आहे, व्हिडिओसाठी एफएफएमपेग घालायचं आहे, चालेल का? बहुतेक जण भलत्याच टोकापासून सुरुवात करतात. ‘आम्ही जीपीएलवालं टूल वापरतो, म्हणजे आमचा कोड उघडा करावा लागणार का?’ नुसत्या वापरावर जीपीएल काहीच बंधन घालत नाही. ऑफिसातल्या हजार जणांनी जीसीसी वापरला तरी कुणाचं काही देणं लागत नाही. शिलाई मशीनवर शिवलेला झगा मशीनवाल्याचा होत नसतो. मात्र काही मशीनं झग्यात आपल्याच कापडाचं अस्तर लावून मोकळी होतात. पार्सर तयार करणारं बायसन त्यातलं. त्याच्या आउटपुटमध्ये त्याचा स्वतःचा बराच कोड उतरतो, म्हणून सुरुवातीला तो पार्सर बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये वापरता येत नसे. पुढे परवान्यातच तशी सूट लिहिली गेली. जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीलाही अशीच लेखी सूट आहे.

खरी जबाबदारी सुरू होते ती टूल तुमच्या इन्स्टॉलरमधून ग्राहकाच्या मशीनवर गेलं की. तिथे तुम्ही त्या टूलचे वितरक झालात. पैसे घेतले की फुकट दिलं, याने फरक पडत नाही.

मग जवळीक किती, हा प्रश्न. गिटहब डेस्कटॉप हे ॲप एमआयटी परवान्याखाली आहे, आणि त्याच्या पोटात गिट आहे, ज्याचा परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती. दोन्ही सुखाने नांदतात, कारण ॲप गिटला वेगळा प्रोग्रॅम म्हणून हाक मारतं: कमांड देतं आणि आलेलं उत्तर वाचतं. दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच पाकिटात ठेवल्याने एकाचा परवाना दुसऱ्याला चिकटत नाही, हे जीपीएलमध्येच लिहिलेलं आहे. तोच कोड लायब्ररी म्हणून आपल्या प्रोग्रॅममध्ये लिंक केलात, तर गोष्ट नेक्स्टच्या वळणावर जाते. वेगळा ठेवला तरी त्या टूलपुरती देणी चुकत नाहीत. परवान्याचा मजकूर सोबत हवा. आणि नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, बिल्डच्या स्क्रिप्टसकट, द्यायला हवा, नाहीतर मागेल त्याला देण्याची निदान तीन वर्षांची लेखी हमी तरी हवी.

समजा, तुम्ही लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारं सॉफ्टवेअर विकता आणि त्यात कुठून तरी उतरवलेलं तयार एफएफएमपेग घातलं आहे. ते कमांड लाइनवर चालवून आवृत्ती विचारा. पहिल्या काही ओळींतच ते कोणत्या पर्यायांनी बांधलं, याची लांबलचक यादी येते. एफएफएमपेग मुळात एलजीपीएलखाली आहे, म्हणजे बऱ्यापैकी उदार. पण यादीत ‘इनेबल-जीपीएल’ दिसलं, उदाहरणार्थ एक्स-264 हा एन्कोडर आत घेतल्यामुळे, की ती सगळी बांधणी जीपीएलची. ‘इनेबल-नॉनफ्री’ दिसलं तर विषयच संपला. ती बांधणी कुणालाही वाटायची नाही. फाइलचं नाव तेच, आयकॉन तोच, आणि कायद्याने तीन वेगळ्या वस्तू. ही एक ओळ वाचायला अर्धं मिनिट लागतं, तरी ती वाचलेला माणूस विरळाच.

वरच्या पुरवठादाराकडून जसं आलं तसं पुढे ढकललं, ही सबबही चालत नाही. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी-54जी हा राउटर आठवत असेल. सिस्कोने 2003 मध्ये लिंकसिस विकत घेतली, आणि त्याच वर्षी राउटरच्या पोटात पुरवठादाराकडून आलेला, जीपीएलचा लिनक्स सापडला. सोर्स खुला करावा लागला; त्यातूनच राउटरसाठीचं खुलं ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं. कुरबुरी मात्र संपल्या नाहीत. डिसेंबर 2008 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला, त्यात जीसीसी, बिनयुटिल्स, जीडीबी अशी डेव्हलपरची टूल्सही होती. 2009 मध्ये तडजोड झाली आणि परवाने पाळले जातात का हे बघायला लिंकसिससाठी स्वतंत्र संचालक नेमण्याचं सिस्कोने कबूल केलं.

या सगळ्याला वैतागून काही कंपन्या जीपीएलला दारच बंद करतात. ॲपलने 2007 च्या जीपीएल-3 नंतर जवळजवळ तेच केलं. मॅकवरचा बॅश 3.2 वर थिजला, 2019 मध्ये झेडशेल मुख्य झाला, आणि जीसीसीच्या जागी उदार परवान्याचा क्लँग आला. ॲपलला हे परवडलं. दहा माणसांच्या कंपनीने त्याची नक्कल करणं मला तरी आळशीपणाचं वाटतं; सोर्सची एक झिप सर्व्हरवर ठेवणं त्याहून कितीतरी सोपं.

आणि जीपीएल टाळला म्हणजे सुटलो, असंही नाही. 2017 च्या सुरुवातीला जेटब्रेन्सला आपल्या रायडर या आयडीईच्या चाचणी आवृत्तीतून डॉट नेट कोअरचं डीबगिंग काढावं लागलं. डॉट नेट कोअर खुलं, पण मायक्रोसॉफ्टच्या डीबगरचं पॅकेज तिच्याच व्हिज्युअल स्टुडिओच्या गोतावळ्याबाहेर वापरायला परवान्यात मनाई होती. उतरवून घ्यायला कुणी अडवत नव्हतं, तिथेच गोम होती. जेटब्रेन्सने शेवटी स्वतःचा डीबगर लिहिला.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतींत मोडतो, तेव्हा हे सगळं परदेशी प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. हिंजवडीत बसून तयार केलेली वेब सेवा स्वतःच्याच सर्व्हरवर चालते तोवर साध्या जीपीएलचा प्रश्न सहसा येत नाही (एजीपीएलचं वेगळं, तो याच फटीसाठी लिहिला गेला). पण एखादी बँक म्हणते, आम्हाला हे आमच्या आवारातच हवं. मग अल्पाइन लिनक्सवर बांधलेली डॉकर इमेज पाठवली जाते. अल्पाइनमध्ये बिझीबॉक्स हा टूलसंच असतो, जीपीएल-2 चा. बिलात त्याचा उल्लेख नसतो, करारात नसतो, बहुतेकदा इमेज बांधणाऱ्याच्या डोक्यातही नसतो; आणि बँकेच्या खरेदी विभागाने आतल्या घटकांची यादी मागितली, की पहिल्यांदा शोधाशोध सुरू होते.